सेंट्रिओलचं चित्र कोणाचं

"डस्टर नाही ना? मग ओढणीनं पूस," सर म्हणाले.

एम.एस्सी. झूऑलॉजीचा वर्ग. गोंदियातलं कॉलेज. समोर चौदा मुलंमुली. फळ्यावर मी काढलेलं चित्र. एक आखूड नळी आणि तिला काटकोनात चिकटलेली दुसरी, कोवळी. सेंट्रिओल, पेशीच्या विभाजनाला लागणारा सूक्ष्म भाग. माझा पहिला सेमिनार.

मी एवढंच म्हणाले होते. पेशी विभागायच्या आधी जुनं सेंट्रिओल आपल्या अंगाशी एक नवं तयार करते. एकच. नवं चिकटून आहे तोवर जुन्याला दुसरं करता येत नाही. अडसर पेशीभर नसतो, त्या जोडीतच असतो. विभाजन संपता संपता जोडी सुटते, मगच पुढची पाळी. संख्या वाढली तर पेशीची ओढाताण होते, गुणसूत्रं वाट्टेल तशी वाटली जातात. कॅन्सरच्या पेशीत असं दिसते.

सरांनी विचारलं, "कोणत्या पुस्तकात आहे हे?"

"पुस्तकात नाही सर. पेपर आहे. सायबर कॅफेतून छापून आणला."

"स्कॉलरशिपवर आलेल्यांनी पास होण्यापुरतं पाठ करावं. तुमच्या घरात कोणी केलं होतं संशोधन?"

वर्ग हसला. मी ओढणीनं फळा पुसला. कोपऱ्यातलं राहिलं होतं, तेही पुसायला लावलं. आज लिहितानाही अंग चोरल्यासारखं होते. त्यांनी सांगितलं ते सांगितलं. पण मी पुसला.

"टिपणं ठेवून जा, तपासतो," म्हणाले. ठेवली. त्यात हेच चित्र पेनानं काढलेलं होतं.

आम्ही दवनीवाड्याचे. बौद्ध. माय दुसऱ्यांच्या भातबांधीत धानाचा रोवणा करायची, चिखलात वाकून रोपं लावायची. त्या संध्याकाळी घरी आली आणि तिला ओढणी दिसली.

"हे पांढरं कायचं व?"

सांगितलं. ती रडली नाही. पायाचा चिखल धूत म्हणाली, "ते चित्र मले काढून दाखव."

अंगणात काडीनं काढलं, समजावून सांगितलं. तिनं बराच वेळ पाहिलं.

"नवं चिकटून हाये म्हणून जुनं थांबून राहते?"

"हो."

"मंग नवं तोडून टाकलं त?"

मला माहीत नव्हतं. वर्गात हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. सरांनाही नाही. पंधरा दिवस मी बसमधून उतरून रोज त्याच कॅफेत गेले. शेवटी सापडलं. कोणीतरी लेझरनं नवं सेंट्रिओल जाळून पाहिलं होतं. पेशी तीच, अवस्था तीच, आणि जुन्यानं पुन्हा एक नवं केलं. मायला सांगितलं.

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली आणि तांदूळ पाखडायला बसली.

दोन महिन्यांनी विभागात कार्यशाळा झाली. नागपूरहून एक पाहुण्या प्राध्यापिका आल्या होत्या. मला आणि माझ्या मैत्रिणीला चहाच्या ट्रेला लावलं. मी हॉलमध्ये शिरले आणि पडद्यावर माझं चित्र दिसलं. माझ्याच पेनाच्या रेघा. खाली सरांचं नाव. सर बोलत होते, "अडसर पेशीभर नसतो, त्या जोडीतच असतो."

शब्दन् शब्द माझा.

पाहुण्या बाईंनी विचारलं, "नवं सेंट्रिओल काढून टाकलं तर काय होतं?"

सर पाणी प्यायले. मग माझ्याकडे बघून हसले. "हमारी स्टूडेंट बताएगी. सांग गं."

मी ट्रे टेबलावर ठेवला.

"सांगते सर. आधी हे चित्र कोणाचं ते तुम्ही सांगा."

सरांनी दाराकडे बोट दाखवलं.

"बाहेर हो."

मी बाईंकडे वळले. "चित्र माझं आहे. नवं काढून टाकलं तर जुनं पुन्हा एक नवं करते. तुमच्या आधी हा प्रश्न माझ्या मायनं विचारला. ती रोवणा करते."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, बस. मी बाहेर पडले. मैत्रीण ट्रे धरून तिथंच उभी राहिली. तिलाही परीक्षा द्यायची होती.

अंतर्गत गुणांत मला पासापुरतं ठेवलं. फर्स्ट क्लास गेला. तक्रार दिली, तर साधी पोचही मिळाली नाही. आता मी दरेकशाजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते.

सर विभागप्रमुख झाले. पीएचडीच्या मुलाखतीला तेच बसतात. मी दोनदा गेले, दोनदा नाकारलं. दुसऱ्यांदा म्हणाले, "अजून राग गेला नाही वाटतं?"

नाही गेला. जाऊ देणारही नाही.

काल तिसरा अर्ज दिला. विषयाच्या रकान्यात लिहिलं: सेंट्रिओलच्या दुप्पट होण्यावरचं नियंत्रण. मार्गदर्शकाचा रकाना कोरा ठेवला. लोक सांगतात, काही वर्षं थांब, ते रिटायर होतील. मी थांबणार नाही. ते त्या खुर्चीत बसलेले असतानाच मला त्या दारातून आत जायचं आहे.