गुलालातली लाईन

विजयसिंह खांबावरून पडला तेव्हा सेफ्टीचा पट्टा त्याच्या कमरेला नव्हता, घरात खुंटीला होता. श्रावणातला पाऊस लागलेला, जोतिबाच्या डोंगरावर वरच्या आळीतले फोन बंद पडलेले, आणि लोक सारखी विचारणा करत होते. पाच मिनिटांचं काम म्हणून तो तसाच चढला आणि ओल्या लोखंडावरून त्याचा पाय सटकला. मांडीचं हाड आणि खुबा, दोन्ही गेलं. कोल्हापुरात ऑपरेशन करून सळी घातली. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, काठी घेऊन चालशील, पण शिडी आणि खांब आता विसर.

डोंगराच्या पायथ्याला कुशिऱ्यात त्याचं घर. एका कंपनीकडून त्यानं वर देवळाभोवतालच्या वस्तीचं आणि खालच्या दोन-तीन गावांचं काम घेतलं होतं. घरोघरी फोन जोडायचे आणि बिघडले तर दुरुस्त करायचे. आता पूर्वीसारखी तांब्याची तार राहिलेली नाही. केसाएवढी, आतून उजेड वाहणारी काचेची तार घरापर्यंत येते, मोडेमच्या डबीत जाते, आणि त्या डबीला टेलिफोन जोडला की घंटी वाजते. मोबाईल असताना हा फोन हवा कशाला, असं शहरातली माणसं विचारत. डोंगरावरच्यांना विचारावं लागत नसे. चैत्राच्या यात्रेला लाखो माणूस वर आलं की मोबाईलचे टॉवर गुदमरून जात आणि या घरातून त्या घरात कॉल लागत नसे. त्या दिवसांत बोलायचा तो घरातला फोनच.

विजयसिंह अंथरुणाला खिळला आणि हे सगळं उघड्यावर पडलं. त्याची बायको राजनंदिनी तोवर दोन म्हशी आणि घर सांभाळत होती. घरात सगळे तिला नंदिनी म्हणत. पावसानं तारा तुटत होत्या, गिऱ्हाईक तोंड कडू करून बोलत होतं, आणि भाड्यानं बोलावलेली माणसं एक दिवस यायची नि चार दिवस गायब व्हायची. दिवाळीच्या आधी नंदिनी एकटीच एसटीनं कोल्हापुरात गेली आणि राजारामपुरीतलं कंपनीचं ऑफिस शोधून काढलं. तिथला मॅनेजर उन्मेष भला माणूस होता, पण अडचणीत होता. डोंगराच्या तक्रारी त्याच्याही वरच्यांपर्यंत पोचल्या होत्या. दुसरा ठेकेदार तयार आहे, असं त्यानं तिला न लपवता सांगितलं. तिनं विचारलं, यात्रेपर्यंत थांबाल का? काम करणार कोण, असं त्यानं विचारल्यावर ती तिकडच्या बायकांच्या बोलीत म्हणाली, "मी करतो."

घरी आल्यावर तिनं हे नवऱ्याला सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. संध्याकाळी धारा काढून ती आत आली तेव्हा बोलला.

"लोक हसतील."

"हसू देत की."

"लोकांचं जाऊ दे. तू पडलीस म्हंजे?" त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "मी पडलो तवा वरनं खाली याला किती वेळ लागतोय ते मला म्हाईत हाय, नंदिनी."

ती उठली, खुंटीवरचा पट्टा काढून त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "कसा बांधायचा ते दावा. ह्याच्याबिगर मी एक पायरीबी चढणार न्हाय. पण चढणार हाय."

मग शिकणं सुरू झालं. तो पडल्या पडल्या सांगायचा आणि ती उरलेल्या तुकड्यांवर हात बसवायची. वरचं कवच सोलायचं, तार स्पिरिटनं पुसायची, सरळ कापायची, मग जोडणीच्या मशीनमध्ये ठेवायची. मशीन आपलं काम करतं, पण तार तिरकी कापली किंवा तिच्यावर धुळीचा कण राहिला तर जोड टिकत नाही. पहिले कितीतरी जोड वाया गेले. काचेचं एक कुसळ बोटात शिरलं ते आठवडाभर ठणकत होतं. विजयसिंह चिडायचा, ओरडायचा, आणि ती ऐकून घेऊन पुन्हा तेच करायची. एका दुपारी त्यानं जोड हातात घेतला, ओढून पाहिला, मीटर लावला आणि काही न बोलता तिच्या हातात परत दिला. त्याचं हे न बोलणं तिला पुरलं.

पंजाबी ड्रेसवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला हेल्मेट, कमरेला पट्टा, अशी ती स्कूटीवरून डोंगर चढू लागली. लोकांनी पाहिलं, थोडे हसले. मग फोन सुरू व्हायला लागले तसं हसणं आपोआप कमी झालं. काहींनी मात्र मालकांना पाठवा म्हणून दारातूनच परतवून लावलं. ती खाली येऊन पुन्हा दुसऱ्या दिवशी जायची.

खरी खोड होती वरच्या आळीला. तिथली तार खांबांवरून गेलेली, आणि वानरांना ती झोके घ्यायला बरी सापडलेली. आज जोडावी, परवा तुटावी. नंदिनीनं चार वेळा जोडली आणि मग ठरवलं, की ही तार खांबावर ठेवायचीच नाही. घरांच्या वळचणीखालून, भिंतीला धरून, पाईपातून न्यायची. त्यासाठी प्रत्येक घराची परवानगी हवी होती. ती दारोदार फिरली. कुणी लगेच हो म्हणालं, कुणी चहा पाजून विचार करतो म्हणालं, पण माघ संपेपर्यंत सगळे राजी झाले. कोपऱ्यावरचं एक घर सोडून. आणि त्या घराला वळसा घालून वरच्या आळीत जायला वाटच नव्हती.

ते घर बाळाबाईचं. सत्तरीतली बाई, गुलाल-खोबऱ्याचं दुकान एकटीच्या हिमतीवर चालवायची. नाकावर माशी बसू द्यायची नाही. नंदिनीनं नाव सांगताच ती म्हणाली, "तू त्या विजयसिंगाची बायकू न्हवं? मग खालचा रस्ता तिकडनं हाय."

आळीतल्यांकडून नंदिनीला हकीकत कळली. काही वर्षांमागं तार ओढताना विजयसिंह बाळाबाईच्या कौलांवरून बिनधास्त चालत गेला होता. कौलं फुटली, त्यानं ती तशीच दडपून ठेवली आणि सांगितलं नाही. पुढं वळवाचा पाऊस आला आणि माळ्यावर रचलेली गुलालाची पोती भिजली. यात्रा तोंडावर होती. बाळाबाईनं जाब विचारला तर तो म्हणाला, तुमची कौलं आधीच मोडकी होती. त्या दिवशी तिनं घरातली तार उपटून रस्त्यावर फेकली होती.

घरी येऊन नंदिनीनं नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "घाईत होतो. कौल फुटल्याचं पायाला कळलं होतं मला."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बाळाबाईच्या दारात उभी राहिली. लाईनीचं काढलंच नाही. म्हणाली, "अक्का, कौलं बघू द्या मला. फुटलेली बदलून देतो. नव्या कौलांचा टेम्पो खाली उभा हाय."

"कौलावर कोण चढणार? त्यो लंगडा?"

"मी."

बाळाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"माझं म्हायेर चंदगडचं," नंदिनी म्हणाली. "आमच्याकडं पाऊस असा की कौलं परतल्याबिगर मिरगात घरात ऱ्हाता येत न्हाय. बापाला ल्योक न्हवता. दरसाल मीच चढायचो."

बाळाबाई हो म्हणाली नाही, पण दारातून बाजूला झाली. आत माजघराची भिंत माळ्यापासून जमिनीपर्यंत गुलाबी होऊन गेली होती. वर दोनदा चुना मारूनही रंग फुटून आला होता. ते पाहून नंदिनीला नवऱ्याची लाज वाटली आणि रागही आला, पण ती शिडी लावून वर गेली. कौलाच्या पोटावर पाय न देता, जोडावर, खाली लाकडाची रीप असेल तिथं आडवा पाय टाकत ती सरकत राहिली. अंगणातून बाळाबाई मान वर करून बघत होती आणि हे काढ, ते राहू दे, असं सांगत होती. थोड्या वेळानं तिनं सांगणं बंद केलं. दिवस मावळताना नंदिनी खाली उतरली, हातपाय धुतले आणि निघाली. परवानगी मागितली नाही.

ती स्कूटीपाशी पोचली तेव्हा मागून हाक आली. "अगं ए चंदगडी. पाईप कुठनं न्यायचा म्हंतीस?"

बाळाबाईच्या दोन अटी होत्या. फोन दुकानात हवा, आणि घंटी मोठ्या आवाजाची हवी, कारण दिवसभर चाललेल्या 'चांगभलं'च्या गजरात साधी घंटी ऐकू येत नाही. नंदिनीनं दोन्ही मानल्या. कोपऱ्याच्या भिंतीवर, वळचणीखाली काढता-घालता येणाऱ्या जोडांचा डबा बसला, तिथून पाईप वरच्या आळीत गेला, आणि वानरं रिकाम्या खांबांवर बसून बघत राहिली.

यात्रा आली. डोंगर माणसांनी भरून गेला, आणि सकाळीच मोबाईल मुके झाले. बाळाबाईच्या दुकानात चुकलेल्या माणसांची रांग लागली. कुणाचा भाऊ हरवलेला, कुणाची गाडी कुठं लावली ते आठवत नाही. ती सगळ्यांना फोन लावू देत होती आणि लवकर बोला म्हणून दटावतही होती. वरच्या आळीतल्या शाळेत यात्रेसाठी आरोग्य पथक बसलं होतं. त्यांचा फोनही नंदिनीच्याच लाईनीवर होता.

दुपारी तिथला माणूस गर्दीतून वाट काढत खाली आला. आवाज तुटतोय, आणि आता मोडेमवर लाल दिवा लागलाय, असं त्यानं सांगितलं. पाठोपाठ आणखी दोन घरांतून तेच कळलं. बाळाबाईची जोडणी डब्याच्या अलीकडून होती म्हणून ती चालू होती. नंदिनीनं तिथूनच घरी फोन लावला. विजयसिंहानं घरच्या लॅपटॉपवर लाईन पाहून सांगितलं, तार तुटलेली नाही, कोपऱ्याच्या डब्यापासून पुढं तारेतला उजेड कमी पडतोय. डबा उघडा पडला असणार.

तिनं बाहेर जाऊन वर पाहिलं. नाचवत नेलेल्या देवाच्या एखाद्या उंच सासनकाठीचा धक्का बसला असावा. डब्याचं झाकण तिरपं झालं होतं, आणि हवेतला गुलाल आत जाऊन बसत होता. खाली पाय ठेवायला जागा नव्हती, शिडी कुठून लावणार? कोपऱ्यावर उभा असलेला पोलिसही म्हणाला, ताई, आता शिडी नको, माणसं दबतील.

ती आत आली. बाळाबाईनं सगळं ऐकलं होतं. तिनं छताकडे पाहिलं आणि म्हणाली, "माळ्यावरनं जा. भिताडाच्या वरची कौलं काढ आणि हो भाईर."

"अक्का, आत गुलाल यील. माल हाय वर."

"गुलालावर गुलाल पडला तर काय व्हतंय? जा तू."

नंदिनी माळ्यावर चढली, चार कौलं उचलून बाजूला ठेवली, पट्ट्याचा दोर आढ्याला बांधला आणि कमरेपर्यंत बाहेर येऊन वळचणीवर पालथी पडली. खाली माणसांचा पूर आणि वर गुलालाचा धूर. पडलं तर वेळ किती लागतो हे नवऱ्याचं वाक्य तिला तिथं आठवलंच. तिनं दोर ओढून पाहिला, ओढणी सोडून स्वतःवर आणि डब्यावर तंबूसारखी घेतली आणि कामाला लागली. एकेक जोड काढायचा, स्पिरिटनं पुसायचा, लाल पडलेला फडक्याचा कोपरा बदलून पुन्हा पुसायचा, परत बसवायचा. बाळाबाई फोन कानाला लावून खाली उभी होती. विजयसिंह पलीकडून एकेका घराचं नाव सांगायचा आणि ही माळ्याकडे तोंड करून ओरडायची.

"शाळंचा लागला म्हंतोय. दुसरा घे."

"तानाबाईचा न्हाय अजून. परत पूस म्हंतोय."

तानाबाईचा परत पुसूनही लागला नाही. त्या जोडाला ओरखडा गेला होता, तो कापून नवा करावा लागणार होता आणि त्या धुळीत ते जमलं नसतं. नंदिनीनं तो तसाच ठेवला, बाकीचे पुरे केले, झाकण दाबून बसवलं, वरून चिकटपट्टीचे वेढे दिले. खाली आली तेव्हा तिचे डोळे सोडून सगळं गुलाबी होतं. शाळेतून निरोप आला की उन्हानं चक्कर येऊन पडलेल्या एका म्हातारबाबांसाठी रुग्णवाहिका सांगता आली. तानाबाईच्या घरी जाऊन तिनं स्वतः सांगितलं, गर्दी ओसरल्यावर जोडून देतो. आणि गर्दी ओसरल्यावर जोडूनही दिला.

बाळाबाईनं तिला तोंड धुवायला पाणी दिलं, समोर झुणका-भाकरी ठेवली, आणि उठवून तिनंच काढलेली कौलं तिच्याकडूनच परत बसवून घेतली.

यात्रेनंतर उन्मेषचा फोन आला. डोंगराचं काम तिच्याकडेच राहणार होतं, आणि ठेक्याचे कागद आता तिच्याच नावानं होणार होते. तिनं दोन गोष्टी सांगून ठेवल्या, की हाताखाली दोन माणसं घेईन ती मी निवडीन, आणि पट्ट्याशिवाय खांबावर चढलं तर मीच काढून टाकीन.

वैशाखात एकदा विजयसिंह काठी टेकत एसटीनं वर गेला. काय करायला, ते त्यानं बायकोला सांगितलं नाही. तो बाळाबाईच्या दुकानात बराच वेळ बसला होता आणि बाईनं त्याला मनसोक्त बोलून घेतलं, एवढं आळीतून कळलं. परतला तेव्हा हातात प्रसादाचा खोबऱ्याचा पुडा होता.

त्याच संध्याकाळी फोन वाजला. खालच्या पोहाळे गावातल्या एका घरात मोडेम जळला होता, आणि ते मालकांनाच या म्हणत होते.

"मी न्हाय येत," विजयसिंह म्हणाला. "डोंगराचं काम मालकीण बघती. सकाळी यील, चहा ठेवा."

नंदिनी गोठ्यात धार काढत होती. तिनं ऐकलं, भांडं बाजूला ठेवलं आणि तिथूनच विचारलं, घर कुठल्या गल्लीत आहे ते नीट विचारून घ्या.