सारवलेलं घर

दुपारचं जेवण उरकून मी आडवी होते. डोळे मिटलेत, पण शेजारचा कुकर अजून ऐकू येतोय. दोन शिट्ट्या होतात. तिसरीची वाट बघत मी पडून राहते. ती होतच नाही. पलंगाच्या कडेला कुणी बसावं तशी गादी जराशी दबते.

"झोपलीस व्हय गं, नलिनी?"

सोपान गलांडे सरांचा आवाज. सरांना जाऊन दोन वर्षं झालीत, हे मला ठाऊक आहे. तरी नवल वाटत नाही. मी उठून बसते तर खाली पलंग नाही, सरकारी फिल्म युनिटमधला लाकडी बाक आहे.

याच बाकावर तेविसाव्या वर्षी मी त्यांच्या हाताखाली काम शिकले. इंदापूरकडे दुकानांच्या पाट्या रंगवणारा हा माणूस मुंबईत येऊन चित्रं हलवायला शिकला. पोलिओचे डोस, उकळलेलं पाणी, मुलींची शाळा, असल्या विषयांवर दोन-दोन मिनिटांचे चित्रपट त्यांनी तीस वर्षं केले. दिग्दर्शन त्यांचं, आणि चित्रातली घरं कशी, झाडं कोणती, भिंतीवर ऊन कुठून पडणार, हेही तेच ठरवायचे. गावोगावी लोक ते चित्रपट पाहून हसायचे, मुलांना डोस पाजायचे. कुणी केलेत हे कुणी विचारलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिल्यांदाच स्वतःचा चित्रपट काढायला घेतला, धरणाच्या पाण्यात गेलेल्या आपल्या गावाचा. मागची दृश्यं मी रंगवायची. दोन वर्षांनी मी जाहिरातींच्या स्टुडिओत गेले, कॉम्प्युटरवर. सर एकटेच काढत राहिले. अठरा वर्षं.

"चल, दावतो," सर म्हणतात.

युनिटच्या व्हरांड्यातून आम्ही निघतो. फरशी मऊ लागायला लागते, मग ती फरशी उरतच नाही. पायाखाली गाळ आहे. डोक्यावर खूप उंच पाणी हलतंय आणि त्यातून गाळलेला उजेड खाली उतरतोय. मला श्वास घेता येतोय. दोन्ही बाजूंना घरं आहेत. चावडी, पिंपळाचा पार, एक मोडकी बैलगाडी. सगळं मी एकेकाळी रंगवलेलं, पण माझ्या चित्रांत हे इतकं गप्प नव्हतं.

"सर, मी आले नाही," मी म्हणते.

सर गेले त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला होता. "एकच दृश्य राहिलंय गं, आमच्या घराचं. हात थरथरतोय. येतीस का?" मी रविवारी येते म्हटलं. गुरुवारी ते गेले.

सर वळून बघतात. चेहऱ्यावर राग नाही, त्यामुळे जास्तच वाईट वाटतं.

"रविवार म्हणाली हुतीस न्हवं?"

"हो."

"मग? मी कुठं गेलोय? हितंच हाय की."

ते चालू लागतात, मी मागून.

एका बुटक्या दारापाशी ते थांबतात. "ह्ये आमचं घर. सामान गाडीत भरलं हुतं. पंधरा दिसांत पाणी चढणार. मी आईला न्यायला आलो, तर ही शेणाचा पो घेऊन खाली बसलेली. घर सारवतीया. मी वरडलो तिच्यावर. म्हटलं, येडी झालीस का? बुडणाऱ्या घराला कशाला सारवतीस?"

"काय म्हणाल्या त्या?"

"काय न्हाई. कोपरा राहिला हुता, तेवढा पुरा केला. मग हात धुतलं आन् गाडीत बसली. पुन्हा त्या घराचं नाव काढलं न्हाई. मी वरडलो, त्येवढंच माझ्यापाशी ऱ्हायलंय."

ते माझ्या हातात कागदांची चळत देतात. प्रत्येक कागदावर तेच चित्र, केसभर बदललेलं. आम्ही असे कागद बोटांच्या बेचक्यांत धरून भराभर उलटत असू, म्हणजे चित्र चालतं का ते कळायचं. बोटं विसरलेली नाहीत. मी उलटते. पाठमोरी बाई जमिनीवर हात फिरवते. कागदामागून कागद, ओला अर्धगोल पसरत जातो, चमकतो. कोपऱ्यापाशी हात थांबतो. पुढचे कागद कोरे आहेत.

"हितं ती मागं बघती," सर हळूच म्हणतात. "पर मला तिचं तोंडच काढाया येईना. वरडल्यावर कसं झालं आसंल, ते मी बघितलंच न्हाई."

"नका काढू, सर. पाठमोरीच राहू दे. कोपरा पुरा होऊ दे फक्त."

ते वाकून त्या पाठीकडे बघतात.

"पुन्हा चालव बरं एकदा," ते म्हणतात. "जोरात चालव."

मी चालवते. हात फिरतो, जमीन ओली होते, हात फिरतो. उजेड कमी होत जातो. सर कुठे उभे आहेत ते दिसत नाही, पण थांबायची भीती वाटते, म्हणून मी कागद उलटतच राहते.

मग छताचा पंखा दिसतो. चार वाजलेत. मी पालथ्या हाताने डोळे पुसायला जाते आणि हाताला काहीतरी झोंबतं.

मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात कागदाने कापलंय. केसाइतकी बारीक, सरळ रेघ. तिच्यात रक्ताचा एक थेंब जमतोय. पलंगावर कागद नाही, खोलीतही नाही. मी कागदावर काम करणं सोडून वीस वर्षं झालीत.

बोटं मिटली की जास्त झोंबतं. मी ती घट्ट मिटून घेते.