आधी वाफ, मग भरड

दोन हजार बाराच्या आसपास माझा धाकटा भाऊ नागपुरातून इंजिनीअर होऊन घरी आला, तो फंक्शनल प्रोग्रामिंगचं खूळ डोक्यात घेऊनच. लहान लहान फंक्शनं लिहायची, एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हाती द्यायचं, की मोठं काम आपोआप उभं राहतं, असं तो जेवताना, आंघोळीला जाताना, दिसेल त्याला ऐकवायचा. मला ते पटायचंही. मी गोंदियाजवळ कुडव्यात कॉम्प्युटर क्लास चालवत होते, अगदीच ढ नव्हते. भांडण होतं ते ही फंक्शनं जोडायची कशी यावरून.

त्याला पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं आलं होतं. तो घरीच राहावा असं मला मनापासून वाटत होतं, कारण चार वर्षं घरात माझ्याशी भांडायला कोणी नव्हतं आणि त्यानं माझी तब्येत बिघडत चालली होती. बाबांनी मधला मार्ग काढला. ओळखीच्या राइस मिलसाठी आम्ही दोघांनी प्रोग्राम करायचा: कोणत्या धानातून तांदूळ किती निघेल, कणी किती पडेल, याचा अंदाज सांगणारा. मिलवाल्याला त्यासाठी भावाची गरज लागली तर त्यानं थांबायचं, नाहीतर पुणं गाठायचं.

भावानं सगळी मिल एका ओळीत कोंबली. छाननी सगळ्यात बाहेर, तिच्या पोटात पॉलिश, पॉलिशच्या पोटात भरड, तिच्या पोटात सफाई आणि पार आतल्या कंसात बिचारं धान. म्हणजे सगळ्यात आतलं आधी होणार, वाचायचं उजवीकडून डावीकडे. माझी मान अवघडली. मी म्हटलं, एकेक पायरी एकेका ओळीवर लिही, वरून खाली, जसं मिलमध्ये होतं तसं. तो म्हणाला, गणितात असंच लिहितात, तुझी पद्धत म्हणजे शाळेतली रांग. रांगेत निदान कोण कोणाच्या पुढे उभं आहे ते तरी दिसतं, असं मी सुनावलं, आणि त्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

मग मिलवाल्याचा निरोप आला की उसना, म्हणजे उकडा तांदूळही त्यात हवा. अरवा तांदळाला धान थेट भरडतात. उसन्याला ते आधी भिजवून, वाफवून, वाळवायचं आणि मगच भरडायचं, म्हणजे दाणा कमी तुटतो. गोंदियात हे कोणाला शिकवावं लागत नाही. माझ्या भावानं उसन्याचं फंक्शन लिहिलं आणि 'आधी' म्हणून ओळीच्या अगदी सुरुवातीला, डावीकडे चिकटवलं.

उसन्याची कणी अरव्याइतकीच येऊ लागली. हे आकडे मिलवाल्याला दाखवले असते तर त्यानं आम्हाला चहासुद्धा पाजला नसता. भावानं दुपारभर एकेक फंक्शन उलटंपालटं तपासलं, सगळी शहाणी निघाली. शेवटी मी ती ओळ उजवीकडून बोट ठेवत वाचली आणि मला हसू आवरेना.

"अरे, तू तांदूळ भरडून, पॉलिश करून मंग वाफवून राहिला," मी म्हटलं. "मिल नाही, खानावळ खोलली तू."

तो चिडला, पण उठून गेला नाही. माझ्या मागे उभा राहून त्यानं मला ती ओळ मोडू दिली. मला प्रत्येक पायरीच्या उत्तराला नाव हवं होतं, त्याला एकही नको होतं. शेवटी पायऱ्या माझ्या क्रमानं लागल्या, नावं त्याच्या हट्टानं गेली. फक्त वाफवणीनंतरचं 'वाफवलेलं धान' मी सोडलं नाही.

मिलच्या ऑफिसात मी तो प्रोग्राम मोठ्यानं वाचून दाखवला. मिलवाला एकेका पायरीला मान डोलवत होता. कणी उतरलेली पाहून तो खूश झाला, पण त्याला एक शंका होती.

"सीज़न में बिगड़ गया तो?" त्यानं विचारलं. "लड़का पूना चला गया तो कौन देखेगा?"

जिंकल्याच्या तोऱ्यात मी सांगून टाकलं की यात बघायचं काय, मी एकटी बघीन, ज्याला वाचता येतं त्याला हे कळतं. त्यानं तिथल्या तिथे होकार दिला आणि वरून समोसे मागवले. माझा आनंद गगनात मावेना.

परतताना भाऊ स्कूटीवर मागे बसला होता. रेल्वे पूल ओलांडल्यावर तो पुढे वाकला.

"ताई," तो म्हणाला, "तुले एकटीले जमते, तं मी काऊन थांबू?"

मी स्कूटीचा वेग वाढवला.

आठवड्याभरात तो गेला. त्याला गाडीत बसवून मी घरी आले, कॉम्प्युटर सुरू केला आणि त्याची ती जुनी उलटी ओळ, भरडून वाफवलेल्या उसन्यासकट, परत प्रोग्राममध्ये घालावी असं मला फार वाटलं.