भरलेली गाडी, रिकामी गाडी

जासईच्या एका कंटेनर यार्डात मी वजनकाट्यावर बसतो. ट्रेलर भरून आला की काट्यावर, रिकामा होऊन निघाला की पुन्हा काट्यावर. दोन्हींतला फरक म्हणजे माल. माल कमी भरला असेल तर ड्रायव्हर आधी पाण्याची टाकी काठोकाठ भरून येतो आणि परतताना काट्यावर चढण्याआधी ती ओतून टाकतो. ही चलाखी मी लांबून ओळखतो. इतक्या वर्षांत मला गंडवणं कोणाला जमलेलं नाही, आणि हा तोरा मी रोज पनवेलला घरी घेऊन यायचो. घरी बायको होती.

तिचे गुडघे गेले होते. डॉक्टर म्हणाले, आठ किलो उतरवा, मग ऑपरेशनचं बघू. वजन आठवड्यातून एकदाच करा, ठरलेल्या वारी, सकाळी उठल्यावर. रोज थोडं वरखाली होतंच, त्याकडे बघू नका. मला हसू आलं. आमच्याकडे एकेका गाडीचं दिवसात दोनदा वजन होतं, आणि हा शहाणा मला आठवडा सांगतो!

मी ग्रॅम दाखवणारा काचेचा काटा आणला आणि स्वयंपाकघराच्या दारात ठेवला. जेवणाआधी बायको काट्यावर, जेवण झालं की पुन्हा काट्यावर. ताटही मी आधीच तोलून ठेवायचो. आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचो, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे. ती मुकाट्यानं चढायची आणि उतरायची. तिला लाज वाटते हे मला दिसत होतं. लाजेनं तरी उतरेल, असं मी म्हणायचो.

एका रविवारी दुपारी माझी बहीण आणि मेहुणे जेवायला आले होते. जेवण झाल्यावर त्यांच्यासमोरच तिला काट्यावर उभं केलं. वाढलेलं वजन ताटातल्या जेवणापेक्षा पाव किलो जास्त भरलं.

"चोरून काय खाल्लंस?"

"नुसता पानी पिले. दुसरा काय नाय." ती उरणकडच्या गावची. घाबरली की तिची गावची बोली बाहेर येते.

बहीण फिस्सकन हसली. मला आणखी चेव चढला. "तोंड उघड," मी म्हणालो. आणि पन्नाशीच्या त्या बाईनं पाहुण्यांसमोर तोंड उघडून दाखवलं. आत काहीच नव्हतं. मेहुणे ताटाकडे बघत राहिले. मी मात्र कॅलेंडरवर पाव किलोला लाल गोल केला.

त्यानंतर आकडे जुळू लागले. वजनही भराभर उतरू लागलं. मी यार्डात फुशारक्या मारल्या, डॉक्टरला अक्कल शिकवली पाहिजे म्हणालो. तिनं आधी जेवताना पाणी सोडलं, मग संध्याकाळी, मग जवळजवळ दिवसभर. तेही मे महिन्यात. ड्रायव्हरच्या टाकीतलं पाणी ओळखणाऱ्या मला हे कळलं नाही. खरं सांगायचं तर कळून घ्यायचंच नव्हतं; उतरता आकडा फार गोड लागत होता.

भाजी मार्केटात ती चक्कर येऊन पडली. बरोबरच्या बायकांनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा सलाईनची दुसरी बाटली संपत आली होती. अंगात पाणीच उरलं नाही, किडनीवर आलंय, असं तिथल्या डॉक्टरांनी मला सांगितलं. पाणी कोणी तोडलं, हे त्यांनी विचारलं नाही.

थोड्या वेळानं नर्स म्हणाली, औषधासाठी वजन करायचंय. बायको पलंगावरून उतरली. तिनं हातातल्या बांगड्या एकेक करून काढल्या आणि माझ्याकडे दिल्या. मग चपला काढून काट्यावर चढली. नर्सनं आकडा मोठ्यानं वाचला. घरच्या कालच्या आकड्यापेक्षा तो किलोभर जास्त होता.

बायकोनं दचकून माझ्याकडे बघितलं. सुई लावलेला हात तिनं पुढे केला.

"मी नाय पिले हो," ती म्हणाली. "यांनीच सुईतून घातला."

आणि मी काही बोलायच्या आत तिनं तोंड उघडून दाखवलं.