मीरू, इकडे बघ!

मैत्रिणींनो, दुपारी नोएडाच्या डॉक्टरांकडून आले, तेव्हापासून नुसती बसून आहे.

आमची मीरा अडीच वर्षांची, अजून एक शब्द बोलत नाही. घरात मराठी, बाहेर हिंदी, म्हणून उशीर होतोय, असं मीच सगळ्यांना ठणकावून सांगायचे.

आज डॉक्टर म्हणाल्या, "पुराने वीडियो दिखाइए." पुण्याला सासूबाईंना पाठवलेले होतेच, ते लावले. प्रत्येकात माझाच आवाज, "मीरू, इकडे बघ!" आणि मीरा एकदाही वळत नाही. यार, मला हे दिसलंच नाही?

ऑटिझमची लक्षणं आहेत, थेरपी सोमवारपासून. आधी आणायला हवं होतं, म्हणाल्या.

दिवाळीच्या व्हिडिओखाली सासूबाईंनी विचारलं होतं, "हाक मारल्यावर बघत का नाही गं ती?" मी चिडून उत्तरच दिलं नव्हतं.

आज ते द्यायचंय. फोनवर सुरुवात कशी करू?