वर्षाने नेलेले माझे बबनकाका

वर्षा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि तिच्याशीच बोलत होते. म्हणजे फोनमध्ये. आठवड्यात नवीन सापडलेलं गाणं रविवारी सकाळी तिला पाठवायचं आणि मागोमाग आवाजातच एक लांबलचक संदेश टाकायचा, हा आमचा नऊ वर्षांचा रिवाज. 'अगं वर्षा, ऐक...' अशी सुरुवात करून मी एका फिडलवाल्या, म्हणजे तिकडचं व्हायोलिन वाजवणाऱ्या बाईचं कौतुक सांगत होते, तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा फोन आला. "सुनंदाजी, वर्षा गेली. झोपेतच..." एवढंच बोलले प्रमोदजी. माझा संदेश अर्धाच राहिला आणि ओली चादर खांद्यावरच.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ठाऊक आहे मला. पण मग माझ्या बाजूने कोण बोलणार? दोन महिने दातओठ खात गप्प बसले. आता बसवत नाही.

वर्षा मूळची नाशिकची. नवऱ्याला पीथमपूरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इंदूरला आली आणि आमच्या विमा कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसली. मी महूची. आजोबा पलटणीत होते, वडील रेल्वेत, आणि मी घरातली पहिली कचेरीवाली बाई. सोयाबीनच्या नुकसानीचे पंचनामे करायला आम्हाला एकदा देपालपूरकडे धाडलं. जीपमध्ये तिने हेडफोनचं एक टोक माझ्या कानात खुपसलं. अमेरिकेतली कुणी डोंगराळ मुलखातली बाई बंद पडलेल्या खाणीबद्दल गात होती. शेताखाणींतलं, खेड्यापाड्यांतलं, बापजाद्यांकडून आलेलं असं हे संगीत, तिकडे त्याला अमेरिकाना म्हणतात, रूट्स म्हणतात. मला तेव्हा कशाचा पत्ता! इंग्रजी निम्मंच कळलं, पण अंगावर काटा आला. म्हटलं, "वर्षा, हा तर आमच्या बबनकाकांचा आवाज आहे गं."

"कोण बबनकाका?" तिने विचारलं, आणि मग देपालपूर येईपर्यंत मी थांबलेच नाही. बबनकाका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांची गायन पार्टी होती. एप्रिलभर महूच्या गल्ल्यागल्ल्यांतून बाबासाहेबांची गाणी गायचे, ढोलकी आणि बेंजोच्या साथीवर. मे महिना उजाडला की घसा पार बसलेला असायचा, मग महिनाभर खुणेने चहा मागायचे. शाळेतल्या मुली मला "बस्तीतल्या गाणाऱ्याची पुतणी" म्हणून चिडवायच्या आणि मी काकांना शाळेच्या फाटकाशी येऊ द्यायची नाही. हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. वर्षाला सांगितलं. ती हसली नाही, तिने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

तिथून मला वेडच लागलं. वर्षाने नियम घातला होता, नाव झालेला गायक चालणार नाही, नवाच पाहिजे. तिला शोधायचा कंटाळा, मला मात्र नाद. कुणी आपल्या स्वयंपाकघरात गिटार घेऊन बसलेला, कुणी ट्रकच्या मागे उभा राहून गाणारा, ज्यांना जेमतेम शेपन्नास लोकांनी ऐकलंय असे गायक मी इस्त्री करता करता हुडकून काढायची. वर्षा म्हणायची, "यार सुनंदा, तुला सापडतं कुठून गं हे? आणि नुसतं गाणं नको पाठवू, बोल त्याच्यावर. तुझं बोलणंच मला हवं असतं." मला बाई केवढा आनंद व्हायचा! कचेरीत माझ्या बोलण्याला कोण विचारत होतं? पंचनामा लिही, सही कर, हो बाजूला. आणि ही माझं सगळं ऐकून पुन्हा विचारायची, "मग? काका असते तर काय म्हणाले असते?"

शोकसभेला मी मागच्या रांगेत बसले होते. बरीच माणसं अनोळखी, पुण्याहून, नाशिकहून आलेली. मला वाटलं, नातेवाईक असतील. मग पुण्याच्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या की वर्षाताई दर पंधरवड्याला आम्हाला मेल पाठवायच्या, नव्या अमेरिकाना गायकांची ओळख करून देणारं, आम्ही त्याची वाट बघायचो. कसलं मेल? मला तर वर्षाने कधी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. बाई चष्मा लावून वाचायला लागल्या. "ही बाई गात नाही, ही ओल्या लाकडांची चूल पेटवतेय. आधी नुसता धूर, डोळे चुरचुरतात, आणि मग अशी धग लागते की हलवत नाही..." मी ताठ बसले. हे माझं होतं. गच्चीवर चिमटे तोंडात धरून बोललेलं, अक्षर न् अक्षर माझं. बाई पुढे वाचत होत्या, "माझे एक काका होते महूला, बबनकाका. एप्रिलभर गायचे, मे महिन्यात खुणेने चहा मागायचे..."

माझे एक काका! वर्षाने महू पाहिलं ते माझ्या भाचीच्या लग्नात, दीड दिवस, तेही पाहुण्यांच्या खोलीतून. सभेतली माणसं डोळे टिपत होती. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "क्या लिखती थीं वर्षाजी! बबनकाका तर आम्हाला घरचेच वाटायचे." ज्या माणसाची मी फाटकाशी लाज बाळगली, तो आता सगळ्यांना हवा होता, पण माझा म्हणून मात्र नव्हे. केसाने गळा कापला गं वर्षा तू. गाणी नेलीस, खुशाल ने, ती माझ्या बापाची नव्हती. काका कशाला नेलेस? एकदा मागितले असतेस तर दिले असते, हेच तर...

तीन आठवड्यांनी प्रमोदजींनी घरी बोलावलं. वर्षाचा लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "तिची ही मेलची यादी बंद पडू नये असं वाटतं. तुम्ही तिच्या इतक्या जवळच्या, तिची भाषा तुम्हाला माहीत आहे. खाली नाव मात्र तिचंच राहू द्या, लोकांना बरं वाटेल." तिची भाषा! मी चहाचा कप खाली ठेवला, नाहीतर तो फुटलाच असता. नुकतीच बायको गेलेल्या माणसाला काय सांगणार? "बघते," म्हटलं आणि लॅपटॉप घेऊन आले. प्रमोदजी, तुम्ही हे वाचाल, मला ठाऊक आहे. माफ करा. तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही.

घरी एकेक मेल वाचलं. सगळी मीच होते. माझे "अगं" तेवढे काढलेले, हिंदी शब्द पुसून शुद्ध केलेले. 'सुनंदा' हे नाव शोधलं, एकदाही सापडलं नाही, आभारापुरतंसुद्धा नाही.

मग ठरवलं की लिहायचं, पण आपल्या नावाने. त्या फिडलवाल्या बाईबद्दलच लिहायला बसले. तासाभरात कागदावर काय उतरलं, तर 'सदर गायिकेचा आवाज उत्तम आहे.' पंचनामाच तो! दुसऱ्या दिवशी बसले, तेच. शेवटी गेल्या रविवारी गच्चीवर गेले, वर्षाच्या बंद पडलेल्या नंबरावर बोलायला लागले, "अगं वर्षा, ऐक..." आणि मग जी सुरू झाले! टॉवेल झाले, चादरी झाल्या, बादली रिकामी झाली तरी बोलतच होते. मधे दोनचार शिव्याही हासडल्या तिला. खाली येऊन तेच ऐकत ऐकत उतरवून काढलं. शिव्या गाळल्या, 'अगं' सगळे राहू दिले, काकांचं नाव पूर्ण लिहिलं आणि खाली माझं, बबनकाकांची पुतणी म्हणून. पाठवून दिलं यादीतल्या सगळ्यांना.

पहिलं उत्तर पुण्याच्या त्याच बाईंचं आलं. "किती छान! तुम्ही अगदी वर्षाताईंसारखं लिहिता हो."

हे आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगायला हवं होतं. फोन उचलला, आणि सांगायला मला वर्षाच एक सुचली.