मे महिन्यापर्यंत गप्प

व्हर्लीन बुलक माझ्या शेजारच्या वर्गात गणित शिकवायची. मधली भिंत पातळ. मी इकडे पोरांना हृदयाचे कप्पे समजावत असायची आणि तिकडून तिचं "का? ते का, सांग!" ऐकू यायचं. नुसतं उत्तर बरोबर आलं म्हणून तिच्या वर्गात कुणाची सुटका नसे. पोरं कुरकुरायची, पण तिच्यावर जीव टाकायची.

आमची शाळा सहावी ते आठवीची, नॉर्थ कॅरोलिनातली, सरमिसळ वस्तीतली. म्हणजे फाटकातून काळी-गोरी पोरं एकत्र आत येतात आणि आत आल्यावर वेगळी होतात. आठवीच्या बीजगणिताच्या वर्गात डोकावलात तर आमच्या काळ्यांतलं एखादं पोर दिसेल, तेही खिडकीपाशी. आठवीत बीजगणित मिळालं तर बारावीपर्यंत वरचं गणित पुरं होतं, इंजिनिअरिंगचा रस्ता मोकळा राहतो. नाही मिळालं तर तो रस्ता बंद झालाय हे पोराला कळेपर्यंत चार वर्षं गेलेली असतात. निवड गुणांवर होते असं म्हणतात. खरी होते ती सातवीच्या गणिताच्या बाईंच्या शब्दावर.

दर मे महिन्यात निवडीच्या बैठकीत व्हर्लीन एकेका पोरासाठी भांडायची. एखादं आत घालायची, बाकीच्यांसाठी घरी जाऊन रडायची. आता तिचे गुडघेही गेले होते आणि भांडणाची हौसही. जूनमध्ये निवृत्त व्हायचं ठरलं होतं. सव्हानाला बहिणीकडे खोली तयार होती, ओसरीत झुलती खुर्ची होती.

"त्या खुर्चीत बसले की माझ्यापुढे कुणी बेरजेचंसुद्धा नाव काढायचं नाही," ती मला म्हणायची. "पण ओडेसा, नाइलाला तेवढं बीजगणितात गेलेलं बघू दे."

नाइला पेटीफर्ड सहावीत व्हर्लीनकडे होती. अखंड बडबड. व्हर्लीननं "का?" विचारायच्या आधीच ही पोरगी "आणि तसं नसतं तर?" विचारायची. सातवीत ती मिसेस लिंडक्विस्टच्या वर्गात गेली. बाई तरुण, गोरी, मनानं चांगली. मी तिला वाईट म्हणणार नाही, म्हणता आलं असतं तर सोपं झालं असतं. शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील, बाईंची फळ्यावर चूक झाली आणि नाइलानं जागेवरूनच ओरडून ती दाखवली. बाईंनी उद्धटपणा म्हणून तिला वर्गाबाहेर उभं केलं. त्याआधी एका गोऱ्या पोरानं अशीच चूक काढली होती, तेव्हा वर्गानं टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. नाइलाची आई व्हर्लीनपाशी येऊन बसली. ताटातलं चिकन तसंच होतं.

"मिस व्हर्लीन, तुम्हीच सांगा हिला. माझं ऐकत नाही."

व्हर्लीननं नाइलाला जवळ ओढलं. "हे बघ बाळा. पेपरात काय चमकायचं ते चमक. पण तोंडाला कुलूप. हात वर नाही, प्रश्न नाही, चूक दिसली तर गिळायची. एकदा का तुझ्या नावावर 'उद्धट' लागलं की ते धुऊन निघत नाही."

"कधीपर्यंत?"

"मे महिन्यापर्यंत."

हाच सल्ला व्हर्लीनला तिच्या आईनं दिला होता, मला माझ्या. आमच्याकडे पोरांना रस्ता ओलांडायला शिकवतात तसंच हे शिकवतात. टेबलावरच्या बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या आणि नाइलाच्या ताटात रताळ्याच्या गोड पाईचा मोठा तुकडा आला.

मे उजाडला. बैठकीत नाइलाचं नाव निघालं तेव्हा व्हर्लीन खुर्चीत सरसावून बसली. गुण वर्गात सगळ्यांत जास्त होते. मला वाटलं, आता अडायचं कारण नाही.

"गुण आहेत," मिसेस लिंडक्विस्ट म्हणाली. "पण वर्षभरात तिनं एक प्रश्न विचारलेला नाही. डोळ्यांत कुतूहल म्हणून नाही. पाठ करते बिचारी. बीजगणितात गटांगळ्या खाईल, मला तिची काळजी वाटते."

तिच्या आधी एक पोरगा आत गेला होता, गुण कमी असून. का, तर केवढे प्रश्न विचारतो!

व्हर्लीनचा चेहरा उतरला. "ती गप्प बसली," ती हळूच म्हणाली, "कारण मी तिला गप्प बसायला सांगितलं होतं."

मिसेस लिंडक्विस्टनं खरोखर दुखावून विचारलं, "तुम्ही एका लहान मुलीला असं का सांगाल?"

व्हर्लीननं तोंड उघडलं. तिला सगळं सांगायचं होतं, अगदी आईपासून. मग ती त्या टेबलाभोवतीच्या चेहऱ्यांकडे पाहत राहिली आणि तिचं तोंड मिटलं. मी बोलले, बरंच बोलले, तावातावानं बोलले. मुख्याध्यापक म्हणाले, वर्गात जे दिसलं त्यावरच जावं लागेल, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी ती आठवी पार करून गेलेली असणार, हे त्यांनाही माहीत होतं.

शाळा सुटल्यावर व्हर्लीननं ते नाइलाला स्वतः सांगितलं. बसच्या रांगेपाशी, भर उन्हात. मी शेजारी होते. पोरगी रडली नाही.

"पण मी गप्प बसले होते," ती म्हणाली. "मला सगळी उत्तरं येत होती, मिस व्हर्लीन, तरी गप्प बसले होते."

"माहीत आहे गं. चूक माझी."

बस आली.

व्हर्लीन निवृत्त झाली, पण सव्हानाला गेली नाही. बहीण फोनवर चिडली, खुर्ची भाच्यानं बळकावली. दर शनिवारी सकाळी चर्चच्या तळघरात व्हर्लीन नाइलाला आठवीचं बीजगणित शिकवते. ते पुरं झालं की नववीत वरच्या वर्गासाठी परीक्षा मागायची. ती परीक्षा मिळेल का, कुणास ठाऊक. व्हर्लीनला विचारलं तर म्हणते, "मला आता आशाबिशा विचारू नकोस, कॉफी दे."

पहिल्या शनिवारी मी कॉफी घेऊन खाली गेले होते. व्हर्लीननं फळ्यावर गणित मांडलं आणि मुद्दाम एक चूक करून ठेवली, मग जाऊन बसली. नाइलाला ती लगेच दिसली. मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं ना. पण तिनं आधी दाराकडे पाहिलं, मग वहीत डोकं घातलं.

व्हर्लीन टेबलाला धरून उठली, लंगडत गेली, दार लावून आली.

"आता बोल."

नाइलानं मान वर केली. "किती मोठ्यानं?"

व्हर्लीननं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"सांगते," ती म्हणाली. "आधी मला बसू दे."